सरांच्या माश्या आणि दादांचा भात

"काय करतेस गं सध्या?" असं कुणी विचारलं की त्या काळात मी आधी विषय बदलून बघायची. "माश्यांवर पीएच.डी." म्हटलं की समोरच्याचा चेहरा उतरायचाच. माझ्या आत्याने तर आईला स्वयंपाकघरात ओढून नेऊन विचारलं होतं, "पोट्टीले दुसरं काहीच नाही भेटलं का वो? निदान गाई-म्हशी तरी!"

याला कारण आमचे सर. गोंदियात मिठाईवाल्यांपासून फळवाल्यांपर्यंत सगळे हातात फडकं घेऊन माश्या हाकलत बसलेले, आणि आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात हा एक माणूस त्यांना ताजं शिजवून वाढत होता. साध्या घरमाश्या नव्हेत. केळं जास्त पिकलं की त्याच्यावर घिरट्या घालतात ना, त्या बारीक, लाल डोळ्यांच्या. आपण चिलटं म्हणतो. सरांसमोर चिलटं म्हणायची सोय नव्हती. "मंडळी" म्हणायचं.

"मंडळी जेवली का?" हा त्यांचा सकाळचा पहिला प्रश्न. मी जेवले का, हे त्यांनी मला साऱ्या पीएच.डी.त एकदाही विचारलं नाही.

अंगात ढगळ शर्ट, एका खिशात भिंग, दुसऱ्या खिशात काळं पडलेलं केळं. निसटलेली माशी धरायला केळं जवळ असावं म्हणत. त्यामुळे सर वर्गात आले की आधी वास यायचा, मग सर. आणि गंमत म्हणजे माश्यांशी ते अगदी शुद्ध, पुस्तकी मराठी बोलत. "या, बसा. घाबरू नका. आता थोडीशी झोप येईल हं," असं म्हणत ईथरचा बोळा बाटलीपाशी नेत. आणि तसंच मागे वळून आमच्यावर खेकसत, "काऊन, बूच कोनं उघडं ठेवलं? डोळे घरी ठेवून आले का?" मी एकदा धीर करून विचारलं, सर, हे असं का? तर म्हणाले, "त्या पाहुण्या आहेत. तुम्ही घरचे." कपाळ माझं!

"चुकलो" हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, सांगायच्या की लग्नापासून त्या वाट पाहून राहिल्यात. सर त्याऐवजी म्हणायचे, "निरीक्षण बदललं." फुलचूरला एका लॉनवर ते लग्नाला गेले, वधूवरांच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, आहेराचं पाकीट दिलं, पंगतीत बसून जिलेबी मागून घेतली, आणि बाहेर आल्यावर काकूंनी दाखवलं की आपलं लग्न शेजारच्या लॉनवर होतं. सरांनी एकदा या मांडवाकडे पाहिलं, एकदा त्या. "निरीक्षण बदललं," म्हणाले, आणि दुसऱ्या मांडवात जाऊन परत जेवले.

लग्नात त्यांना नवरा-नवरीशी काही घेणं नसे. वरात आली की सगळे घोड्याकडे बघत आणि हे म्हाताऱ्यांच्या हाताकडे. चालताना माणसाचे दोन्ही हात आपोआप मागेपुढे होतात. पार्किन्सनची, म्हणजे कंपवाताची, सुरुवात होत असली की कधी कधी एक हात हलायचा थांबतो, आणि घरच्यांच्या ध्यानातही येत नाही. सरांच्या मात्र लांबूनच ध्यानात यायचं. मग ते त्या अनोळखी माणसाला बँडच्या गजरात गाठून कानात ओरडत, "तुमचा डावा हात हालून नाही राहिला! डॉक्टरले दाखवा!" यावरून एकदा बाजारात मार खाता खाता वाचले. पण असाच एक गृहस्थ पुढल्या वर्षी पेढे घेऊन विभागात आला होता. डॉक्टरने वेळेवर औषध सुरू केलं म्हणे. आजार निघाला म्हणून पेढे वाटणारा माणूस मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

आमचा मुख्य प्रयोग ऐकायला पोरखेळ वाटेल. काचेची नळी, आत माश्या. नळी घडी केलेल्या टॉवेलवर हलकेच ठोकायची, माश्या तळाशी पडतात. धडधाकट माशी लगेच काचेवरून वर चढते, तो तिचा स्वभावच. मेंदूत बिघाड झालेली थबकते, अर्ध्यात अडखळते, घसरते. माणसाच्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या काही पेशी असतात. पार्किन्सनमध्ये त्या हळूहळू मरतात आणि हातपाय ऐकेनासे होतात. माशीच्या एवढ्याशा मेंदूतही तशाच पेशी असतात. त्या का मरतात, हे आम्ही शोधत होतो. सर वर्गात सांगत, "पेशीत एक पावरहाऊस असते. ते बिघडलं का लोडशेडिंग. आता पावरहाऊस कोन बिघडवते, ते आपल्याले पाहाचं आहे." गोंदियाच्या पोरांना लोडशेडिंग वेगळं समजवावं लागत नसे.

हाच प्रयोग ते आमच्यावरही करत. माझ्या प्रबंधाचं प्रकरण लाल शाईने रंगवून टेबलावर आपटायचे आणि दाराआड उभे राहायचे. मी डोळे पुसून परत पेन उचललं की दाराआडून आवाज यायचा, "चढली!"

मोहाच्या दिवसांत तर सरांच्या अंगात यायचं. जंगलाकडच्या रानमाश्या पकडायला ते अर्जुनी मोरगावकडे स्कूटरने जात, सोबत बाटलीत आंबवलेली मोहफुलं. त्या वासाला माश्या बरोब्बर येतात. एकदा मी मागे बसले होते. माश्या पकडून परतताना आमच्याकडच्या प्रतापगडच्या अलीकडे पोलिसांनी थांबवलं. हवालदाराने डिक्की उघडली, नाक आत घातलं आणि खूश झाला.

"मास्तर, दारू?"

"दारू नाही. माश्यांसाठी आहे."

"माश्या बी पिऊन राहिल्या का आता?" हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. "आन या बाई कोन?"

"या माश्यांच्या बाई," सर अत्यंत गंभीरपणे म्हणाले.

हवालदाराने बूच काढलं. आतून माश्यांचा लोंढा उठला आणि थेट त्याच्या मिशीत शिरला. सर ओरडले, "हलू नका! हलू नका! मंडळी बिथरतील!" आणि नळी घेऊन त्याच्या मिशीतून एकेक माशी टिपत बसले. हवालदार बिचारा रस्त्यात पुतळ्यासारखा उभा. शेवटी म्हणाला, "जा बाप्पा, लवकर जा तुम्ही." मला इतकं हसू येत होतं की स्कूटरवर बसताच येईना.

हे सगळं कुणासाठी चाललं होतं, ते मला सडक अर्जुनीजवळच्या त्यांच्या गावी गेल्यावर कळलं. महामार्गावरून ट्रकांची रांग चुकवत आत वळलं की धानाच्या बांध्या सुरू होतात, आणि तिथल्या एका घराच्या सपरीत, म्हणजे पडवीत, सरांचे थोरले भाऊ, दादा, बसलेले असत. दादांनी शाळा सोडून नांगर धरला म्हणून सर शिकले, इतकी साधी गोष्ट. आई-वडील लवकर गेले होते. सरांना दादांनीच वाढवलं, चिडवलं, मारलं आणि कॉलेजात घातलं.

दादांचा उजवा हात सारखा हलायचा. अंगठा आणि बोट असे फिरत की तांदळातले खडे निवडतायत असं वाटावं. दादा त्याला "माही मोटार" म्हणत. "पाहा, मोटार चालू झाली. पानी मात्र येत नाही." स्वतःच हसत. गोंदियाच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. त्या चुकल्या तर सर फोनवरून वहिनींना फैलावर घेत. गोळीने हात जरा निवायचा, मग परत मोटार.

जेवताना सर भावाच्या ताटाकडे नाही, हाताकडे बघत. घास तोंडाशी जाईपर्यंत निम्मा सांडायचा. दादा दर वेळी सरांना विचारत, "बापू, कायले होते गा हे?"

"शोधून राहिलो, दादा."

"शोध गा. घाई नाही. पन मी आहो तवरक शोध."

बस, एवढंच. सरांना बक्षीस नको होतं, परदेश नको होता. दादाला उत्तर द्यायचं होतं. 

सरांचा संशय फवारणीवर होता. काही कीटकनाशकं माशीला दिली की तिच्यात कंपवातासारखी लक्षणं येतात, हे जगभर ठाऊक आहे. आम्हीही एका गटाला तसं औषध देऊन आजारी करत होतो. सरांच्या डोक्यात आलं, दादाने जन्मभर जे पिकवलं आणि खाल्लं, तेच माश्यांना घालून पाहावं. एरवी आम्ही मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्ट शिजवायचो. एका गटाला मक्याच्या जागी दादांच्या शेतातल्या चिन्नोर या सुवासिक तांदळाची कणी द्यायची ठरली. कणी यायची सरांच्या घरून, काकूंच्या कोठीतून. सरांनी भिंतीवर कागद लावला, कणी धुवायची नाही. "धुतली तं जे शोधाचं आहे तेच मोरीत जाईल." पटण्यासारखंच होतं. मी न धुता दळत राहिले.

आणि काय सांगू! कणी खाणाऱ्या माश्या चढेनात. ठोकलं की तळाशीच बसून राहत, चढल्याच तर अर्ध्यात घसरत. मक्यावरच्या टुणटुणीत, औषधवाल्या आजारी, आणि कणीवाल्या औषधवाल्यांच्या पंगतीत. मी परत केलं. तेच. सरांनी स्वतः केलं. तेच. तिसऱ्यांदा नळी ठेवली तेव्हा सरांचे डोळे भरून आले होते. त्यांनी साऱ्या विभागाला जिलेबी खिलवली, मलाही पहिल्यांदाच "खा ना ओ बाई" म्हणाले, आणि तसंच मला मागे बसवून गाव गाठलं.

अंगणात स्कूटर पूर्ण थांबायच्या आतच ओरडले, "दादा, सापडलं!"

"काय सापडलं?"

"तुह्या भातातच आहे. कायले होते म्हनत होता ना? यानंच होते."

दादा नव्या चिन्नोरचा भात खायला बसत होते. दिवाळी नुकतीच झाली होती, धान घरात आलं होतं, सपरीभर तो वास. त्यांनी भावाच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग ताट बाजूला सरकवलं.

"बरं. मंग आजपासून बंद. रोट्या टाक वो," त्यांनी वहिनींना हाक मारली.

वहिनी उलथनं हातात घेऊन दारात आल्या. धानाच्या घरात गव्हाच्या रोट्या सणासुदीला, पाहुण्यांना. पण दादा बोलले म्हणजे बोलले.

सर इथवर थांबते तरी बरं होतं. पण कॉलेजच्या विज्ञान मंडळात त्यांनी भाषण ठोकलं. "अजून खात्री व्हायची आहे" हे वाक्य त्यात होतं, मी शपथेवर सांगते. पण तिथे आलेल्या बातमीदाराचं पेन नेमकं त्याच वाक्याला संपलं असावं. दुसऱ्या दिवशी मथळा: "भात खाल तर हात थरथरतील! प्राध्यापकाचा दावा."

गोंदियात! जिथे राईस मिलच्या धुराड्याशिवाय घराची दिशाही सांगता येत नाही, तिथे! माझे वडील धानाचे व्यापारी, एका मिलमध्ये त्यांची भागीदारी. त्यांनी पेपर वाचला, चहा तसाच ठेवला आणि मला म्हणाले, "ये तेरा सर पागल है क्या? लाखोळीच्या डाळीनं पाय लुळे होतात म्हनून तिले बदनाम केलं लोकायनं, आता धान? पोटावर पाय देऊन राहिला तो आपल्या!" मी म्हटलं, बाबा, अजून खात्री व्हायची आहे. "मग खात्री होईपर्यंत तोंड बंद ठेवायचं ना!" ते बरोबरच होतं, पण मी सरांची बाजू घेऊन भांडले.

कॉलेजच्या फाटकावर मोर्चा आला. व्यापारी, मिलवाले, हमाल, आणि सगळ्यात पुढे माझे वडील, घोषणा देत. मी प्रयोगशाळेच्या खिडकीतून बघत होते. प्राचार्यांनी सरांना मागच्या दाराने जायला सांगितलं, तर सर दोन नळ्या घेऊन पुढच्या दाराने बाहेर आले. फाटकाशेजारच्या कठड्यावर टॉवेल अंथरला. "पाहा. ही मक्यावाली." ठोकली. माश्या सरसर वर. "आन ही भातवाली." ठोकली. सगळ्या तळाशी. घोषणा आपोआप थांबल्या. मोर्चा मान वाकवून नळीत बघायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे बाप रे." गव्हाचा एक व्यापारी नुसता बघायला आला होता. तो तेवढा गालात हसत होता.

त्या दिवशी वडील जेवायला बसले आणि भात कालवता कालवता आपल्याच हाताकडे बघत राहिले. आई म्हणाली, "अहो, जेवा आता."

मग नागपूरचा अहवाल आला. आमच्याकडे माशीचा मेंदू उलगडून बघायची मोठी यंत्रं नव्हती, म्हणून तिन्ही गटांतल्या माश्या नागपूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या. तिथे त्या डोपामिनच्या पेशी रंगवून चमकवतात. औषधवाल्या माश्यांच्या पेशी खंगलेल्या निघाल्या, अपेक्षेप्रमाणे. कणीवाल्यांच्या मात्र ठणठणीत! एकही कमी नाही. म्हणजे त्या हळू होत्या, पण कंपवातासारख्या कारणाने नव्हे. सर भडकले. "नागपूरवाल्यायले मेंदू दिसते का? संत्री दिसतात फक्त!" पण त्यानंतर ते केळं खिशात ठेवायला दोन-तीनदा विसरले, आणि माश्यांशी बोलणंही कमी झालं.

मला उत्तर सापडलं ते काहीही न शोधता. होळी झाली होती. मी सरांच्या घरी कणी आणायला गेले, तर काकू अंगणात चादरीवर तांदूळ पसरून बसलेल्या. "बरी आलीस. हात लाव जरा. तुह्या सरांचे हात फक्त माश्यांसाठी," म्हणाल्या आणि एक डबा माझ्यापुढे सरकवला. पांढरी पावडर. मीही भैताडासारखी दोन्ही हातांनी तांदळाला चोळायला लागले. चोळता चोळता विचारलं, "काय आहे हे काकू?"

"बोरिक पावडर. तांदूळ, कणी, सगळ्याले लावते मी. किडे होत नाहीत. शिजवायच्या आधी चांगलं धुवायचं, बस. माणसाले काही नाही होत."

मी हात वर करून बघत राहिले. कोपरापर्यंत पांढरे. धुवायचं. शिजवायच्या आधी चांगलं धुवायचं. आणि भिंतीवरचा तो कागद माझ्या डोळ्यांसमोर आला.

"काय झालं वो? झोंबलं का?" काकूंनी विचारलं.

"काकू, सरांना माहीत आहे हे?"

"त्याहीनं कधी कोठीत डोकावलं का? मले कधी विचारलं का?" मी सगळं सांगितलं तशा काकू आधी कपाळाला हात लावून बसल्या आणि मग त्यांना जे हसू सुटलं, ते पदर तोंडात कोंबूनही थांबेना. "अवो माय! किडे मराले पाह्यजे म्हनून तं लावते मी! त्याहीचे किडे जगाले पाह्यजे म्हनून थोडीच!"

मला हसू आलं नाही. मला दादा दिसत होते, पुढ्यात रोटी घेऊन बसलेले.

सर प्रयोगशाळेत नळ्या भरत होते. मी दारातूनच सांगून टाकलं, एका दमात. वाटलं आता टेबल उलटं होईल. सरांनी फक्त विचारलं, "किती मिसळते ती?"

"मुठीने टाकतात, सर. अंदाजाने."

त्यांनी भिंतीवरचा कागद काढला, घडी केली, खिशात ठेवला. मग म्हणाले, "कोठीतली अर्धी कणी धुवून घे, अर्धी नको धुवू. आन दादाच्या पोत्यातली थेट आणू, बिनपावडरची. आता नीट करू." नव्या माश्या वाढवल्या, मोठ्या केल्या, आणि नळ्या ठोकायचा दिवस आला. न धुतलेल्या कणीवरच्या तळाशीच. धुतलेल्या कणीवरच्या सरसर वर. पोत्यातल्या कणीवरच्याही वर, फवारणीचं शेत असून. मंडळी चढली आणि सर स्टुलावर खाली बसले.

बातमीदाराला त्यांनी स्वतः फोन केला. भातात काही दोष नाही, हे पहिल्या पानावर छापा म्हणाले. तो म्हणाला, "सर, भात चांगला आहे ही काय बातमी झाली?" शेवटी ती राशिभविष्याच्या खाली आली, भज्याचा तुकडा बांधता येईल एवढी. वडिलांनी मात्र ती कापून दुकानात लावली आणि एक कट्टा तांदूळ प्रयोगशाळेत पाठवला. वर चिठ्ठी: "धुऊन वापरणे."

राहिले दादा. सर आज जाऊ, उद्या जाऊ करत होते. शेवटी एका रविवारी निघालो. महामार्गावरच्या धाब्यावर चहाला थांबलो तेव्हा त्यांनी माझ्यावर तालीम केली. "दादा, वैज्ञानिक प्रक्रियेत असं होत असते का, निरीक्षणं जशी वाढतात, तसे निष्कर्ष..." मी म्हटलं, सर, दादांना निष्कर्ष म्हणजे काय ते माहीत नाही. "तं काय सांगू?" त्यांनी विचारलं, आणि पहिल्यांदाच मला वाटलं की हा माणूस घाबरला आहे.

दादा सपरीत होते. वाळल्यासारखे दिसले मला. मोटार चालूच होती. सरांनी पाणी घेतलं, बसले, उठले, परत बसले. "दादा, वैज्ञानिक प्रक्रियेत..."

"भात खाऊ का नोको, तेवढं सांग."

सर थांबले. "खा."

"मंग इतके दिवस कायले बंद करवला?"

 मला वाटलं, आता येणार, निरीक्षण बदललं. मी मनातल्या मनात हात जोडले.

"चुकलो, दादा," ते म्हणाले. "पावडर होती त्या कणीत. भातात काही नव्हतं. तुह्या हाताचं कारन मले अजून नाही सापडलं."

दादांनी मान मागे टाकली आणि घरभर ऐकू जाईल असं ओरडले, "ऐकलं का वो? बापू चुकला म्हनते! भात टाक! चिन्नोरचा टाक, चांगला मोठा गंज भरून!" आतून वहिनींची भांडी वाजायला लागली. एवढ्या घाईने तांदूळ धुतल्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. थोड्या वेळात सगळीकडे तोच वास, दिवाळीतला.

ताटं आली. दादांनी भाताचा घास घेतला, निम्मा सांडला, निम्मा तोंडात गेला. डोळे मिटून खात होते. हात आधी हलायचा तसाच हलत होता, भात सोडल्याने काही कमी झालं नव्हतं. सर त्यांच्या हाताकडे बघत नव्हते. पानातल्या भाताकडे बघत होते.

"दादा, रागावला का?" सरांनी हळूच विचारलं.

"रागावू कायले?"

"पाच महिने भात सोडला तू माह्या बोलन्यानं."

दादांनी दुसरा घास घेतला. "खरं-खोटं मले काय समजते गा? आपल्या बापानं खाल्ला, आज्यानं खाल्ला, कोनाचा हात नाही हालला. मले तं तवाच वाटलं, भातानं काही होत नसन."

"मंग सोडला कायले?"

"तू ओरडत आला ना त्या दिवशी, सापडलं म्हनून." दादा शितं वेचत होते, बोटं थरथरत होती. "आई गेल्यापासून मी तुले इतका खूश नव्हतो पाहिला. म्हटलं, याच्यासाठी एवढं काय, रोट्या खाऊ."

 सर मान खाली घालून भात खायला लागले. वरण वाढायचं राहिलं होतं, पण ते तसाच कोरडा भात खात होते, आणि वहिनी वरणाचं भांडं घेऊन तिथेच उभ्या होत्या.